स्वप्नातली अर्धी चाल

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत एक जुनी ७८ आर.पी.एम.ची तबकडी सापडली. गायक नेल्सन एडी, गाणं 'आ! स्वीट मिस्ट्री ऑफ लाइफ'. शोधल्यावर कळलं, की ते 'नॉटी मॅरिएटा' या अमेरिकन 'कॉमिक ऑपेरा'तलं आहे. गाण्यात विनोदाचा मागमूस नाही, मग हे कॉमिक कसं? मूळ नाटक कुठलं, आणि ते चाललं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आधी उठून माझ्या कपाटातली तबकडी काढली. हेच गाणं, हाच गायक. माझे वडील पुण्याला कॅम्पात ग्रामोफोन दुरुस्त करत. एका गिऱ्हाइकाने मजुरीऐवजी चार तबकड्या दिल्या, त्यांत ही होती. शब्द कळायच्या कितीतरी आधी मला ती चाल पाठ होती.

'कॉमिक'चं आधी सांगते. त्या काळच्या अमेरिकन रंगभूमीवर ज्या ऑपेरात गाण्यांच्या मधे गद्य संवाद येतात आणि शेवट गोड होतो, त्याला कॉमिक ऑपेरा म्हणत. हशा पिकलाच पाहिजे अशी अट नव्हती. ज्याने संगीत नाटक पाहिलंय त्याला ही मांडणी परकी वाटणार नाही.

हे नाटक जन्मलं एका करारामुळे. निर्माते ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन ऑपेरा हाउस उघडलं आणि तिथल्याच प्रस्थापित मेट्रोपॉलिटन ऑपेरा या संस्थेशी थेट सामना मांडला. चार हंगामांत पैशाचं गणित कोसळलं. १९१० च्या एप्रिलमध्ये मेट्रोपॉलिटनच्या बाजूने त्यांना सुमारे १२ लाख डॉलर दिले आणि लिहून घेतलं, की दहा वर्षं न्यूयॉर्कमध्ये ग्रँड ऑपेरा, म्हणजे गद्य संवाद नसलेला, सगळा गायचा भारदस्त ऑपेरा, करायचा नाही. पण त्यांच्या हाताशी ऑपेराचे कसलेले गळे होते : इटालियन गायिका एमा ट्रेंटिनी, अमेरिकन टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) ऑर्व्हिल हॅरोल्ड. ते वाया घालवणार कसे? त्यांनी व्हिक्टर हर्बर्ट या संगीतकाराला गाठलं. संहिता आणि पदं रिडा जॉन्सन यंग या बाईंनी लिहिली. म्हणून यातली गाणी इतकी अवघड आहेत. 'इटालियन स्ट्रीट साँग' गायला खरोखर तयारीचा, चपळ गळा लागतो; हौशी मंडळींनी उचलावं असं ते नव्हे.

१९१० च्या ऑक्टोबरमध्ये सिराक्यूज इथे पहिला प्रयोग झाला आणि ७ नोव्हेंबरला न्यूयॉर्क थिएटरमध्ये नाटक आलं. तिथे १३६ प्रयोग झाले. प्रयोगाचे संगीत संचालक होते गाएतानो मेरोला. पुढे १९२३ साली सॅन फ्रान्सिस्को ऑपेरा त्यांनीच उभा केला.

गोष्ट अठराव्या शतकातल्या न्यू ऑर्लिन्सची. नको असलेलं लग्न टाळून पळालेली, खानदानी घरातली मॅरिएटा तिथे येऊन पोहोचते. तिच्या मनात स्वप्नात ऐकलेली एक चाल आहे, पण ती अर्धीच. जो ती पुरी करील, त्याच्यावर तिचं प्रेम बसणार. ही चाल पहिल्या अंकापासून तुकड्यातुकड्यांनी कानावर पडत राहते. प्रेक्षकाचाही जीव त्यात अडकतो. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस कॅप्टन डिक वॉरिंग्टन ती पुरी गातो, आणि ते पुरं झालेलं गाणं म्हणजे तुमच्या तबकडीवरचं गाणं.

मला हे चाळिशीत कळलं, एका मैत्रिणीने नाटकाची पियानोची वही आणून दिली तेव्हा. पानं उलटताना तीच ओळखीची चाल पुन्हा पुन्हा दिसे आणि अर्ध्यात तुटे. त्या दुपारी मी पेटीवर ती तुटलेली वाजवत बसले, पुढे जायचं नाही असं ठरवून. हाताला आवरावं लागत होतं. लहानपणापासून मी फक्त उत्तर ऐकत आले होते, कोडं कधी ऐकलंच नव्हतं. गाणं एकटं ऐकलं तर गोड वाटतं. वाट पाहून ऐकलं तर डोळ्यांत पाणी आणतं.

ट्रेंटिनीबाईंची हकिकत सांगायलाच हवी. एका प्रयोगाला स्वतः हर्बर्ट वाद्यवृंद चालवत होते. 'इटालियन स्ट्रीट साँग'ला वन्समोअर पडला, हर्बर्टनी पुन्हा गायची खूण केली, पण बाई गायल्या नाहीत. हर्बर्ट छडी ठेवून निघून गेले आणि पुढे ट्रेंटिनीबाईंसाठी संगीत द्यायला साफ नकार दिला. त्यामुळे बाईंचं पुढचं नाटक 'द फायरफ्लाय' (१९१२) रुडॉल्फ फ्रिम्ल यांच्याकडे गेलं. प्राग शहरातून आलेल्या या पियानोवादकाचं नाव त्या एका नाटकाने ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, झालं.

'नॉटी मॅरिएटा' ब्रॉडवेवर १९२९ आणि १९३१ साली पुन्हा आलं, आणि १९७८ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेराने केलं. जगभर पोहोचवलं ते मात्र हॉलिवूडच्या एम.जी.एम. कंपनीच्या १९३५ च्या चित्रपटाने. जॅनेट मॅकडोनाल्ड आणि नेल्सन एडी ही जोडी त्यातच प्रथम जमली. तुमची तबकडी याच चित्रपटाच्या लाटेवर घरी आली असावी.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूला कोणतं गाणं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. 'नीथ द सदर्न मून' असेल तर ते मन लावून ऐका. नाटकात ते ॲडाचं गाणं आहे. ॲडा ही मिश्र वंशाची गुलाम स्त्री. लेफ्टनंट गव्हर्नरांचा मुलगा एटिएन तिला जवळ ठेवतो आणि मन भरल्यावर भर नाचाच्या मेळाव्यात तिचा लिलाव मांडतो. कॅप्टन डिक तिला विकत घेऊन मोकळी करतो. 'कॉमिक' शब्दाखाली एवढं दुःख दडलेलं होतं. चित्रपटवाल्यांनी ॲडालाच काढून टाकलं आणि तिचं गाणं नायकाच्या तोंडी घातलं. एडीचा आवाज भरदार आहे, मी तो आजही आवडीने ऐकते. पण ते गाणं लागलं की मला ॲडाच आठवते.