नोकरी ह्यांची, इन्शुरन्स माझा

प्रश्न : ह्यांना ६६ पूर्ण झाली. न्यू जर्सीत आयटीत आहेत. गुडघे बोलायला लागलेत, तरी रोज गाडी हाकत ऑफिसला जातात. ‘सत्तरीपर्यंत खेचतो’ म्हणतात. मुलगा म्हणतो, बाबांचा पैशाचा मोह सुटत नाही. मी ६१ ची. एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर) आले, नोकरी कधी केली नाही. ह्यांना काय सांगू?

उत्तर : ताई, मोह म्हणून मोकळं होणं सोपं आहे. चाळिशीत अमेरिकेत आलेल्या माणसाचं गणित निराळं असतं. सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथली सरकारी पेन्शन, ठरते सर्वांत जास्त कमाईच्या ३५ वर्षांवरून. इथे २६ वर्षंच भरली असतील तर उरलेली ९ वर्षं शून्य धरतात. पुढचं प्रत्येक वर्ष त्यातलं एक शून्य खोडतं. शिवाय ह्यांच्या वयाच्या लोकांना पूर्ण रक्कम ६७ व्या वर्षी मिळते. त्यानंतरही पेन्शन घ्यायची थांबलं तर सत्तरीपर्यंत दरवर्षी ८ टक्के वाढ. त्यांच्या मागे तुम्हाला मिळणारी रक्कमही त्याने वाढते. हे नवरे बोलून दाखवत नाहीत.

पण पैसे उशिरा सुरू करायचे म्हणून नोकरीही चालूच ठेवली पाहिजे, असं मुळीच नाही. ६७ ला राजीनामा द्यावा, फोर-ओ-वन-के या निवृत्तीसाठीच्या खात्यात साठवलेल्या पैशांवर घर चालवावं आणि सोशल सिक्युरिटी सत्तरीला घ्यावी, हेही जमतं.

खरी मेख तुमच्या इन्शुरन्सची आहे. तुमचा इन्शुरन्स ह्यांच्या ऑफिसमधून असेल, तर नोकरी सुटली की तोही सुटतो. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, तुम्हाला ६५ ला मिळणार, म्हणजे अजून ४ वर्षं. मधल्या काळात कोब्रा (नोकरी सुटल्यावरही कंपनीचाच विमा चालू ठेवायची सोय) घेतलं तर ते साधारण १८ महिने चालतं आणि कंपनीचा वाटाही आपणच भरायचा. मार्केटप्लेसवर (सरकारी विमा-बाजारात) उत्पन्नानुसार हप्त्यात सवलत मिळू शकते. दोन्हींचे आकडे मागवा. वर्षाचा खर्च पेलवत असेल तर सत्तरीचा हट्ट कशाला?

ह्यांनी ऑफिसच्या इन्शुरन्सच्या भरवशावर मेडिकेअरचा पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) घेतला नसेल, तर नोकरी सुटल्यापासून ८ महिन्यांत घ्यायलाच हवा. कोब्रा आहे म्हणून निवांत राहिलात तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, तोही बहुधा जन्मभरासाठी. आणि हिवाळा पुण्यात काढायचा बेत असेल तर तिकडे मेडिकेअर चालत नाही, तिथली सोय वेगळी करा.

पुण्यात दुसरा फ्लॅट घ्यायचा म्हणून नोकरी खेचत असतील, तर मात्र मी तुमच्या मुलाच्या बाजूने आहे.