कॉलेज मोठं म्हणजे टीम मोठी, असं नसतं हो

प्रश्न : माझी बहीण टेक्ससमध्ये असते, तिचा मुलगा बारावीला आहे आणि शाळेच्या टीममधून अमेरिकन फुटबॉल खेळतो (आपला पायाने खेळायचा नव्हे, हातात बॉल घेऊन पळायचा तो). शाळेत अडीच हजारांवर मुलं, टीम एकदम वरच्या गटात. आता त्याला दोन हजार विद्यार्थ्यांच्या एका छोट्या कॉलेजच्या कोचचा फोन आलाय, ते डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात म्हणे. घराजवळच ४० हजार मुलांची मोठी युनिव्हर्सिटी आहे. आमचे आप्पा म्हणतात, एवढ्या मोठ्या शाळेतून पोरगं खालच्या गटात कशाला घालवता? गट मुलांच्या संख्येवरूनच ठरतात ना? – एक मावशी, नाशिक

उत्तर : मावशी, आप्पांचा हिशोब शाळेपुरता अगदी बरोबर आहे, कॉलेजला मात्र तो लागू पडत नाही आणि सगळा घोळ इथेच होतो.

टेक्ससमध्ये शाळांचे गट खरंच पटसंख्येवरून पाडतात, 1ए (सगळ्यात छोट्या शाळा) ते 6ए (सगळ्यात मोठ्या), आणि दर दोन वर्षांनी आकडे बघून शाळा वर-खाली सरकवतात. सगळ्यात छोट्या शाळांमध्ये, म्हणजे नववी ते बारावी मिळून १०५ पेक्षा कमी पोरं असतील तिथे, अकरा जण उभे करणंच अवघड, म्हणून ते सहा-सहा जणांचं फुटबॉल खेळतात. ही पद्धत १९३४ मध्ये नेब्रास्कात सुरू झाली. मैदान ८० यार्ड लांब, ४० रुंद, बॉल आपल्याकडेच ठेवायचा तर ठरावीक प्रयत्नांत (त्यांना डाउन म्हणतात) १० ऐवजी १५ यार्ड पुढे जायचं, आणि हाफटाइमला किंवा त्यानंतर कुणी ४५ पॉइंटनी पुढे गेलं की मॅच तिथेच बंद. सहाच्या सहा जण पास घेऊ शकतात त्यामुळे धावाधाव प्रचंड असते, मला तर हा खेळ मनापासून आवडतो, गावच्या गाव बघायला येतं.

कॉलेजचं वेगळं आहे. कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या संस्थेने १९७३ मध्ये तीन डिव्हिजन केल्या, मग १९७८ मध्ये पहिल्या डिव्हिजनच्या फुटबॉलचे पुन्हा दोन भाग पाडले, त्यातल्या वरच्याला आता एफबीएस आणि खालच्याला एफसीएस म्हणतात. पण कुठे खेळायचं हे ठरतं ते कॉलेजला खेळावर किती पैसा घालायचाय, किती स्कॉलरशिप द्यायच्यात, किती खेळ चालवायचेत यावरून. मुलं किती हा निकष नाहीच. एफबीएसमध्ये जायचं तर निदान १६ खेळांच्या टीम लागतात, आणि त्या गटात शिरायला कॉलेजने भरायची फी आधी ५ हजार डॉलर होती ती २०२३ मध्ये थेट ५० लाख डॉलर केली! स्कॉलरशिपचंही तसंच, वर्षानुवर्षं एका टीममागे एफबीएसला ८५, एफसीएसला ६३, डिव्हिजन टूला ३६ आणि डिव्हिजन थ्रीला शून्य असं चाललं, २०२५ पासून वरच्या डिव्हिजनचे नियम बदललेत.

म्हणूनच टल्सा युनिव्हर्सिटी पदवीच्या जेमतेम तीन हजार मुलांवर एफबीएसमध्ये खेळते, ह्यूस्टनची राइससुद्धा छोटीच आहे. आणि दुसरीकडे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत ५० हजारांवर विद्यार्थी, पण १९५० च्या दशकापासून फुटबॉलची अधिकृत टीमच नाही. अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत तर फुटबॉल कधी सुरूच केलं नाही. शिकागो युनिव्हर्सिटीचं उदाहरण आप्पांना आवर्जून सांगा. बिग टेन या मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या नावाजलेल्या गटाच्या संस्थापकांपैकी एक, १९३५ मध्ये पहिली हाइजमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) त्यांच्याच जे बर्वँगरला मिळाली, आणि चारच वर्षांनी युनिव्हर्सिटीने फुटबॉल बंद करून टाकलं. १९६९ मध्ये पुन्हा सुरू केलं, आज डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात. म्हणून ती युनिव्हर्सिटी खालच्या दर्जाची झाली असं कुणी म्हणेल का?

आणि डिव्हिजन थ्री म्हणजे पोरखेळ नाही बरं का. ओहायोतलं माउंट युनियन, साधारण दोन हजार मुलांचं कॉलेज, त्यांच्या नावावर १३ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, तिथला पिएर गार्सों एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जाऊन तिच्या अंतिम सामन्यात, सुपर बोलमध्ये, टचडाउन (आपल्याकडच्या गोलसारखं) करून आला.

आता भाच्याचं. जवळच्या युनिव्हर्सिटीची टीम एफबीएसची असेल तर स्कॉलरशिपशिवाय नुसतं ट्रायलवर आत शिरणं आता आणखी अवघड झालंय, कारण नव्या नियमांनुसार बहुतेक ठिकाणी टीममध्ये १०५ च खेळाडू ठेवता येतात. छोट्या कॉलेजात त्याला खरंच मैदानावर उतरायला मिळेल. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नाही हे खरं, पण मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते, बऱ्याच जणांना चांगली मिळते. तेव्हा बहिणीला सांगा, कोचच्या गोड बोलण्यावर जाऊ नका, कॉलेजकडून मदतीचं पत्र लेखी मागवा आणि फी, राहणं, जेवण सगळं वजा जाता घरातून दर वर्षी किती भरायचे तो एकच आकडा काढा, मग मोठ्या युनिव्हर्सिटीचा तसाच आकडा शेजारी ठेवा. कोचला एवढं जरूर विचारा की भाचा टीममध्ये ज्या जागेवर खेळतो तिथे पहिल्या वर्षी किती मुलं घेता आणि चौथ्या वर्षापर्यंत किती टिकतात.

आणखी एक, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डिव्हिजन थ्रीत ती मदत खेळाशी बांधलेली नसते, नियमानेच बांधता येत नाही. उद्या दुसऱ्या वर्षी गुडघा गेला किंवा त्याला खेळायचंच नसेल, तरी त्या कारणाने त्याची मदत बंद होणार नाही.