वाचक विचारतात: अपघातानंतर हे असे का वागतात?

प्रश्न: सात महिन्यांपूर्वी माझ्या यजमानांचा दुचाकीवरून अपघात झाला, डोक्याचं ऑपरेशन झालं. आता चालतात, बोलतात. पण सांगितलेलं विसरतात, आंघोळीलाही दहादा उठवावं लागतं, संध्याकाळी मुलांवर ओरडतात. सासूबाई म्हणतात, आळशी झालाय. सरकारी कार्यालयात ते लिपिक आहेत. नोकरी टिकेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, हे उत्तर सासूबाईंना जरूर वाचून दाखवा. हा आळस नाही. काम सुरू करणं आणि राग आवरणं, दोन्ही कपाळामागचा मेंदू सांभाळतो, आणि अशा अपघातात बहुतेकदा त्यालाच मार बसतो. आंघोळ करायची हे त्यांना कळतं, पण उठणं होत नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार-अपघातानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणं हे माझं काम. माझ्याकडे येणारे एक काका चहाचं पाणी ठेवून तिथेच उभे राहायचे. ओट्यावर ओळीने चित्रं चिकटवली: पाणी, साखर, पावडर, दूध. हळूहळू ते एकट्याने चहा करू लागले. तुम्हीही मोबाइलमध्ये आंघोळीचा गजर लावा, सांगितलेलं लिहून ठेवायला एकच वही ठरलेल्या जागी ठेवा. "आठवतंय का?" असं विचारून परीक्षा घेऊ नका. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच डोक्यात पक्कं बसतं. सरळ सांगून टाका.

संध्याकाळचा राग हा बराचसा थकवा असतो. टीव्ही, कुकरची शिट्टी, मुलांचा गोंधळ एकदम झाला की मेंदूला पेलवत नाही. दुपारी शांत खोलीत पडू द्या. ओरडले तर वाद घालू नका, विषय बदला. बाबांच्या डोक्याला लागलंय म्हणून ते ओरडतात, हे मुलांनाही सांगा.

फिटच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करायच्या नाहीत. दारू अजिबात नको. डॉक्टर सांगेपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडेच ठेवा.

पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण ती तिथे थांबत नाही. दोन वर्षं आणि त्यानंतरही होत राहते. मुंबईला जाणं जमत असेल तर हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत दाखवा. स्मरणशक्तीची आणि एकाग्रतेची चाचणी करून घ्या, मगच कामावर जायचं ठरवा.

नोकरीबद्दल नीट लक्षात ठेवा: 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 सांगतं की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर आत्ता सही करू देऊ नका.