धातूंवरील डम्पिंगविरोधी शुल्क आणि पाच वर्षांनंतरचा आढावा : वाचकांची प्रश्नोत्तरे

आयात होणारे पोलाद, स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यावरील डम्पिंगविरोधी शुल्काचा (परदेशी उत्पादक स्वतःच्या देशातल्यापेक्षा कमी भावाने इथे माल विकतो, म्हणजे डम्पिंग करतो, तेव्हा त्यावर लावलेल्या जादा शुल्काचा) आढावा सरकार कसा घेते, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : शुल्क पाच वर्षांसाठीच लावलेले असते, तर मुदत संपताना पुन्हा चौकशी कशासाठी? शिवाय आता आयात कमी झालेली आहे आणि पोलाद कंपन्या नफ्यात आहेत. (कळंबोलीच्या लोखंड बाजारातील एक व्यापारी)

उत्तर : सीमाशुल्क दर कायदा, 1975 च्या कलम 9अ नुसार हे शुल्क पाच वर्षांनी आपोआप संपते. ते पुढे चालू राहावे असे वाटत असेल, तर देशी उत्पादकांना मुदत संपण्याच्या पुरेसे आधी वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीटीआरकडे, अर्ज करावा लागतो. या आढाव्याला व्यवहारात सनसेट रिव्ह्यू म्हणतात.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. मूळ चौकशीत डम्पिंग झाले का आणि त्यामुळे देशी उद्योगाला इजा झाली का, हे तपासले जाते. आढाव्यात मात्र शुल्क काढल्यास डम्पिंग व इजा चालू राहण्याची किंवा पुन्हा उद्भवण्याची शक्यता आहे का, हे पाहायचे असते. शुल्काने आपले काम नीट केले असेल तर आयात घटलेली आणि उत्पादकांचा ताळेबंद सुधारलेला दिसणारच. त्यामुळे केवळ त्या सुधारणेवरून शुल्काची गरज संपली, असा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून निर्यातदार देशात पडून असलेली उत्पादनक्षमता, तिसऱ्या देशांना तो माल कोणत्या भावाने जातो आणि इतर देशांनी त्या मालापुढे कोणते अडथळे उभे केले आहेत, हे पुरावे निर्णायक ठरतात. चीनची पोलाद निर्यात 2024 मध्ये 11 कोटी टनांच्या पुढे गेली आणि अमेरिकेने जून 2025 मध्ये बहुतेक देशांच्या पोलादावरील शुल्क 50 टक्क्यांवर नेले. अशा काळात ‘माल भारताकडे वळेल’ हा युक्तिवाद खोडून काढणे आयातदाराला सोपे नाही. तरीही माझे मत असे, की जगात क्षमता जास्त आहे एवढ्या एका आधारावर शुल्काची मुदत वाढवत राहिलो तर ते कधीच संपणार नाही. ती क्षमता याच मालाची आहे आणि याच बाजारासाठी आहे, हे अर्जदाराने दाखवले पाहिजे.

प्रश्न : डीजीटीआरने शिफारस केली म्हणजे शुल्क लागलेच, असे समजायचे का? (भाईंदर येथील भांडी कारखानदार)

उत्तर : नाही. डीजीटीआर शिफारस करते आणि निर्णय अर्थ मंत्रालयाचा असतो. अर्थ मंत्रालयाला वापरकर्त्या उद्योगांचा आणि महागाईचाही विचार करता येतो. आपल्या व्यवसायाशी संबंधित उदाहरण जवळचेच आहे. स्टेनलेस स्टील व लेपित पोलादाचा सपाट माल, मिश्रधातू पोलादाचे बार आणि हायस्पीड स्टील यांच्यावरील काही डम्पिंगविरोधी व प्रतिअनुदान शुल्के (परदेशी सरकारच्या अनुदानामुळे स्वस्त झालेल्या मालावरील शुल्के) 2021 मध्ये तात्पुरती स्थगित झाली आणि 2022 च्या अर्थसंकल्पात, धातूंचे चढे भाव लक्षात घेऊन, व्यापक सार्वजनिक हिताच्या कारणाने मागे घेण्यात आली.

मात्र शुल्क चुकवण्याच्या वाटाही शोधल्या जातात आणि त्या बंदही होतात. स्टेनलेस स्टीलच्या कोल्ड रोल्ड (थंड अवस्थेत लाटलेल्या) मालावरील शुल्क 600 ते 1250 मिलिमीटर रुंदीपुरते होते, तेव्हा त्याहून रुंद कॉइल आणून येथे कापण्याचा मार्ग काहींनी धरला. चौकशीनंतर 2017 मध्ये 1250 मिलिमीटरपेक्षा रुंद मालालाही शुल्क लागू झाले.

प्रश्न : न्हावा शेवा बंदरात माल उतरल्यावर हे शुल्क नेमके कसे मोजतात?

उत्तर : ते अधिसूचनेवर अवलंबून आहे. काही वेळा टनामागे ठरावीक डॉलर असतात. काही वेळा संदर्भ किंमत ठरवून दिलेली असते आणि आयात मालाची बंदरातील किंमत त्याहून जितकी कमी, तितकेच शुल्क भरावे लागते. हॉट रोल्ड (तापवून लाटलेल्या) पोलादासाठी मे 2017 मध्ये टनाला 478 ते 561 डॉलर अशा संदर्भ किमती होत्या. समजा संदर्भ किंमत 478 आणि आपला माल 450 डॉलरचा, तर शुल्क 28 डॉलर; माल 480 चा असेल तर काहीच नाही. जागतिक भाव चढले की असे शुल्क कागदावर राहते आणि प्रत्यक्षात कुणाकडूनही वसूल होत नाही.

रुपयातील रक्कम बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याला द्यायचे आयातीचे विवरणपत्र, सादर केल्याच्या दिवशीच्या अधिसूचित विनिमय दराने काढतात. आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा एकात्मिक वस्तू व सेवा कर, मोजताना हे शुल्कही मूल्यात धरले जाते. आयजीएसटीचे क्रेडिट (पुढच्या करातून वजावट) मिळते, या शुल्काचे मिळत नाही. भाव ठरवताना अनेक लहान आयातदार हे विसरतात.

प्रश्न : मुदत संपली, पण आढावा अपूर्ण आहे. मधल्या काळात शुल्क द्यायचे का?

उत्तर : मुदतीपूर्वी आढावा सुरू झाला असेल, तर सरकार निकाल लागेपर्यंत, जास्तीत जास्त एक वर्ष, शुल्क चालू ठेवू शकते. पण ते आपोआप चालू राहत नाही. त्यासाठीची अधिसूचना मूळ मुदत संपण्याआधी निघायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये कुम्हो पेट्रोकेमिकल्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा एजंटच्या तोंडी सांगण्यावर न जाता अधिसूचनेची तारीख पाहावी.

प्रश्न : एप्रिल 2025 मध्ये पोलादावर 12 टक्के शुल्क लागले, तेही हेच का?

उत्तर : ते सेफगार्ड शुल्क होते, सपाट पोलादावर 200 दिवसांसाठी तात्पुरते लावलेले. त्यात कुणी अनुचित भावाने विकले हे सिद्ध करावे लागत नाही. आयातीची अचानक वाढ आणि तिने होणारी गंभीर इजा दाखवली की पुरते. दोन्हींची चौकशी डीजीटीआरच करते, म्हणून गोंधळ होतो.

प्रश्न : आमच्यासारख्या पत्रा विकत घेऊन सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्याचे या आढाव्यात कोण ऐकणार? (भोसरी)

उत्तर : नियमांनुसार तो माल वापरणाऱ्या उद्योगांना आपली माहिती देण्याची संधी मिळते. आढावा सुरू झाल्याची अधिसूचना राजपत्रात आणि डीजीटीआरच्या संकेतस्थळावर येते. प्रश्नावलीची उत्तरे देण्यासाठी साधारण 30 दिवस असतात. ‘कच्चा माल महागेल’ एवढेच लिहिलेल्या पत्राला फारसे वजन नसते. कोणत्या ग्रेडचा व जाडीचा पत्रा लागतो, देशी गिरणीकडे मागणी केल्यावर काय उत्तर आले, तो माल वेळेत मिळाला का, आपल्या उत्पादनखर्चात त्याचा वाटा किती, हे बिले आणि पत्रव्यवहारासह द्यावे. देशात न बनणारा ग्रेड असेल तर तो शुल्कातून वगळण्याची मागणी स्वतंत्रपणे करावी, कारण संपूर्ण शुल्काला विरोध करण्यापेक्षा ही मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक असते. गोपनीय आकडे गोपनीय ठेवता येतात, मात्र त्यांचा इतरांना दाखवता येईल असा सारांश सोबत द्यावाच लागतो. एकट्याला हे जड वाटत असेल तर औद्योगिक संघटनेमार्फत एकत्रित उत्तर देता येते. निष्कर्षापूर्वी तोंडी सुनावणी होते आणि महत्त्वाच्या बाबींचे निवेदन सर्व पक्षांना मिळते, त्यावरही लेखी म्हणणे मांडता येते. डीजीटीआरच्या अंतिम निष्कर्षाविरुद्ध सीमाशुल्क, उत्पादनशुल्क व सेवाकर अपील न्यायाधिकरणाकडे 90 दिवसांत दाद मागता येते, परंतु जे पुरावे आढाव्यात दिलेच नाहीत ते तिथे नव्याने मांडणे फार कठीण जाते.