परसातले नर कोंबडे: कापायचे की ठेवायचे?

तुमचा प्रश्न वाचला. मुंबई सोडून चिपळूणजवळ राहायला आलात, बारा पिल्लं आणली, त्यातले सात नर निघाले. आता ते पहाटे चारपासून आरवतात, एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करतात. मुलीने सगळ्यांची नावं ठेवली आहेत आणि शेजारचे काका म्हणतात, ‘गटारी आलीय, लावा सुरी, विचार कसला करताय!’ घरात चिकन चालतं, पण हे आपल्या हातून दाणे खाल्लेले, म्हणून घास उतरेल का, ही तुमची अडचण.

माझं मत आधीच सांगते. नर खा, कोंबड्या ठेवा. आणि घरात कोणालाच कापणं जमणार नसेल, तर पुढे एकही कोंबडी रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसवू नका. उबवलेल्या अंड्यांतून निम्मे नर निघणारच, आणि परसातली सगळी पंचाईत तिथूनच सुरू होते.

आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो. तुमच्याकडे पाच कोंबड्यांवर सात आहेत. एखादी कोंबडी हातात घेऊन पाठ बघा. मधली पिसं गेलेली असतील, पंखांच्या मुळाशी कातडी लाल झालेली असेल, मानेमागे चोचीचे ओरखडे असतील. दिवसभर नर चढतात, त्याच्या खुणा आहेत त्या. तेव्हा सातही ठेवू म्हणाल, तर ती दया कोंबड्यांच्या पाठीवर निघते.

मग लोक काय करतात? कोणी नेऊन देवळाच्या रानात सोडतो. तिथे मुंगूस किंवा कुत्रा असतोच. कोणी बाजारात विकतो. गटारीच्या आधी गावठीला भाव चांगला येतो, पण तो कोंबडा पाय बांधून, सायकलला उलटा टांगून तासभर उन्हातून जातो आणि शेवटी कापलाच जातो. त्यापेक्षा तुमच्या अंगणात, तुम्ही धरलेला असताना, त्याला कमी त्रास होतो. आणि दुकानातलं चिकन खाताना घास उतरतो ना? तो ब्रॉयलर सहा आठवड्यांचा असतो, शेडबाहेर बहुधा एकदाच येतो, गाडीत चढताना. तुमचा कोंबडा पाच-सहा महिने शेण उकरून किडे खात हिंडलाय. घास अडकायचाच असेल तर दुकानातल्याला अडकावा, असं मला वाटतं. ‘पुढच्या वेळी नुसत्या तलंगाच (अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) विकत आणू’ असंही मनात येईल. आणा, पण अंड्यांच्या जातींचे बहुतेक नर हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवतात तिथेच, पहिल्याच दिवशी मारले जातात, हे माहीत असू द्या.

कोंबड्यांबाबत घाई नको. अंडी थांबली म्हणजे म्हातारी झाली असं धरून बऱ्याच चांगल्या कोंबड्या जातात. पिसं झडायच्या दिवसांत दोन-तीन महिने अंडी बंद असतात, हिवाळ्यात दिवस लहान झाला की कमी होतात, खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसायला लागली, तरी थांबतात. शंका आली तर शेपटीखाली चाचपून बघा. तिथे दोन बारीक हाडांची टोकं लागतात. मध्ये दोन-तीन बोटं मावत असतील आणि तुरा लालभडक असेल तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट जात असेल, तुरा फिका आणि सुकलेला असेल, तर सध्या अंडी बंद. तरी पिसं झडतायत का ते पाहून मग ठरवा.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. आजारी पक्षी खायचा नाही. गावात मानमोडी (कोंबड्यांची साथ, राणीखेत) आली की ‘मरायच्या आत कापून घेऊ’ म्हणतात, आणि त्याच हातांनी, त्याच पाटावर रोग घरभर फिरतो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात. म्हणून पटापट पक्षी मरायला लागले तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. औषध दिलं असेल तर त्याच्या पुडीवर किती दिवस मांस खाऊ नये ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस थांबा.

कापण्याचं थोडक्यात. आदल्या संध्याकाळपासून दाणे बंद, पाणी चालू. पहाटे अंधारात खुराड्यातून उचला, तेव्हा पक्षी शांत असतो; दिवसा अंगणभर पळवून धरू नका. सुरी आधीच धार लावलेली हवी. पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून करून घ्या, पण पक्षी तुम्ही धरा. पाणी उकळतं नको, कातडी फाटते; हात घालवत नाही इतपत कढत पुरे. पिसं काढून जाळावर धरा, बारीक लव जळून जाते. साफ करून काही तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर मांस ताठ राहतं. गावठी नर ब्रॉयलरच्या वेळेत शिजत नाही. कुकर लावा किंवा मंद आचेवर पुरेसा वेळ द्या, मगच वाटप घाला.

मुलीचं काय? तिला खोटं सांगू नका. ‘उडून गेला’ म्हणालात आणि दुपारी ताटात वडे-रस्सा आला, तर तिला लगेच कळेल. आज कापणार आहोत हे आधी सांगा, नाही खाल्लं तर आग्रह करू नका. आमच्याकडे तांबडी, काळी, कवडी अशी रंगावरून हाक मारतात, त्याने निभतं. राखणीचा, म्हणजे राखणदार देवाला द्यायचा, कोंबडा तर आधीच वेगळा ठरलेला असतो, त्याला कोणी लाडाने हाक मारत नाही. पण नावं ठेवून झालीत, ती आता काढून घेता येत नाहीत. सातातला ठेवायचा एक तिला निवडू द्या.

फक्त तिला निवडीच्या अटी सांगा. घार दिसली की ओरडणारा हवा, दाणा सापडला की आधी कोंबड्यांना बोलावणारा हवा. मुलीच्या पोटऱ्यांवर झेप घेणारा कितीही देखणा असला, तरी गटारीला पहिला नंबर त्याचा.