न विचारता ग्रुपात घेतात तेव्हा

"मॅडम, माझा नंबर या लोकांना मिळालाच कुठून?"

मी समुपदेशक आहे. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की त्यामागची बोच मला आता लगेच ओळखू येते. कुणीतरी अनोळखी नंबरावरून, न विचारता, व्हॉट्सॲपच्या ग्रुपात घेतलेलं असतं. शेअर बाजाराच्या टिप्स, घरबसल्या काम, झटपट कर्ज, कधी नको ते फोटो. येणाऱ्यांत निवृत्त मंडळी असतात तशी कॉलेजातली मुलंही असतात. आणि बहुतेकांना वाटत असतं, माझंच काहीतरी चुकलं असणार.

त्यातल्या एकीची गोष्ट ओळख बदलून सांगते. सुमनताई 61 वर्षांच्या. 32 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. झोप लागत नाही म्हणून लेकीने माझ्याकडे पाठवलं होतं. पहिल्या दोन भेटी गुडघे आणि रक्तदाब यांतच गेल्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून फोन काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. थोड्या वेळाने तोंड पदराने पुसत म्हणाल्या, "यात काय चाललंय ते मला सांगायची लाज वाटते."

शेअर ट्रेडिंगचा ग्रुप होता. दोनेकशे माणसं. सकाळी नऊला कुणी 'प्रोफेसर' धडा द्यायचे, मग 'आज माझे 14 हजार सुटले, सर' असे स्क्रीनशॉट एकामागून एक. सुमनताईंनी एक रुपयाही गुंतवला नव्हता. पण अकरा दिवस त्या सगळे मेसेज वाचत होत्या, रात्री दोनला उठूनसुद्धा. एकदा ग्रुप सोडला, तर दुसऱ्या नंबराने दुसऱ्या ग्रुपात घेतलं.

"पहिल्याच दिवशी बाहेर का नाही पडलात?"

"असं कसं पडायचं? कुणीतरी घेतलंय म्हणजे काही ओळख असेल. सगळ्यांना दिसलं असतं, सुमन निघून गेली. बरं दिसतं का ते?"

"कुणाला बरं दिसायला हवं?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माणसाने बरं वागायलाच हवं ना, मॅडम."

त्या 'च'पाशी मी थांबले. मी ज्या विवेकनिष्ठ पठडीत घडले तिथे आम्ही आधी घटनेकडे नाही, तर घटनेबद्दल माणूस मनाशी जे वाक्य म्हणतो त्याकडे पाहतो. आणि मराठीत माणसाला छळणारं वाक्य ओळखायचं तर त्यातला 'च' शोधावा. बरं वागावं, ही इच्छा झाली. बरं वागायलाच हवं, अनोळखी माणसाशीही, त्याने न विचारता दंडाला धरून आत ओढलं तरीही, हा मात्र जाच झाला.

कुणीही उठून आपल्याला ग्रुपात घेऊ नये यासाठी व्हॉट्सॲपमध्ये एक सेटिंग आहे हे लेकीने त्यांना आधीच सांगितलं होतं. ते करूनही दिलं होतं. सुमनताईंनी दोन दिवसांनी ते परत सगळ्यांसाठी उघडं केलं. का? "शाळेच्या जुन्या मुलांनी कुणी ग्रुप केला आणि मला घेता आलं नाही तर? बाईंना गर्व झाला म्हणतील." म्हणूनच मी नुसतं सेटिंग दाखवून कुणाला परत पाठवत नाही. ते बदलायला अर्धा मिनिट लागतो, पण ते बदललेलं राहायचं तर मनाची परवानगी लागते.

पाचव्या भेटीत मी त्यांना त्यांच्या वर्गाबद्दल विचारलं. मुद्दामच. माणूस जिथे ठाम होता ती जागा त्याच्या आयुष्यात कुठेतरी असतेच, ती शोधून द्यायची, हे माझ्या कामाचं मला सगळ्यात आवडणारं अंग.

"तुमच्या वर्गात कुणी सरळ आत यायचं का?"

"छे! उशिरा आलेलं पोर दारात उभं राहायचं. 'आत येऊ का बाई?' मी फळ्यावरचं वाक्य पुरं करायचे, मग 'ये' म्हणायचे. पालक असले तर शिपाई चिठ्ठी आणायचा. मुख्याध्यापकसुद्धा उंबऱ्यात थांबायचे."

"पोराला दारात थांबवलं म्हणून कधी वाईट वाटलं?"

"वाईट कशाला? वर्ग माझा होता." एवढं बोलून त्या थांबल्या. माझ्याकडे न बघता टेबलावरचा फोन त्यांनी सुलटा केला, काचेवरून अंगठा फिरवला आणि सावकाश म्हणाल्या, "म्हणजे यांनी विचारलंच नव्हतं, 'आत येऊ का' म्हणून."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये. हे वाक्य मी त्यांना देऊ शकले असते, कदाचित जास्त नेटकं करून. पण दिलेलं वाक्य रात्री दोनला उपयोगी पडत नाही. स्वतःला सापडलेलं पडतं.

मग आम्ही दोघींनी मिळून सेटिंग केलं. ते असं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स. तिथे 'एव्हरीवन' असतं, म्हणजे ज्याच्याकडे तुमचा नंबर तो कुणीही तुम्हाला घेऊ शकतो. त्याऐवजी 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडायचं. ही सोय एप्रिल 2019 पासून आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कॉन्टॅक्ट्स म्हणजे तुमच्या फोनमध्ये साठवलेले नंबर, ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय ते नव्हेत. म्हणून कधीकाळी साठवलेले एजंट, दलाल, एकदाच येऊन गेलेला फर्निचरवाला, हे नंबर काढून टाका. काढणं जमत नसेल तर 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट', म्हणजे 'हे सोडून बाकीचे कॉन्टॅक्ट्स', यामध्ये त्यांची नावं निवडा. ओढून घेणाऱ्या नातेवाइकांसाठीही हाच उपाय. भांडण लागत नाही.

सुमनताईंची शंका होती जुन्या मुलांची. त्यांना मी दाखवलं की सेटिंग बदललं म्हणून येणाऱ्याची वाट बंद होत नाही. ज्याला तुम्हाला थेट घेता येत नाही, त्याला ग्रुपचं आमंत्रण तुम्हाला वेगळ्या मेसेजमधून पाठवता येतं, आणि ते स्वीकारायला तुम्हाला तीन दिवस मिळतात. नाही स्वीकारलं तर आपोआप संपतं. त्या हसल्या. "शिपायाच्या हातची चिठ्ठीच की ही!"

'सगळ्यांना दिसेल' या भीतीचंही सांगते. ऑगस्ट 2022 मध्ये व्हॉट्सॲपने जाहीर केलेल्या बदलानंतर ग्रुप सोडलात तर सूचना फक्त ॲडमिनला जाते. अनोळखी ग्रुपात सापडलात तर निरोपाचा मेसेज लिहू नका, लिंक उघडू नका, आधी रिपोर्ट करा आणि मग बाहेर पडा. उत्तर दिलं की नंबर चालू आहे एवढं त्यांना कळतं, आणि त्यांना तेवढंच पुरतं.

टेलिग्रामवरही प्रायव्हसीच्या पानावर ग्रुप आणि चॅनेलमध्ये कोण घेऊ शकतं हे ठरवता येतं. तिथे फोन नंबर कुणाला दिसावा हेही त्याच वेळी बघा. इन्स्टाग्रामवर मेसेजच्या सेटिंगमध्ये 'ग्रुप चॅटमध्ये तुम्हाला कोण घेऊ शकतं' असं असतं, तिथे 'तुम्ही फॉलो करता तेच लोक' निवडायचं. एक एकोणीस वर्षांची मुलगी माझ्याकडे महिनाभर येत होती, घाणेरड्या फोटोंच्या ग्रुपात कुणी ओढलं म्हणून. आईला सांगितलं तर फोनच काढून घेतील, या धाकाने तिने तीन आठवडे गिळून काढले होते. पालकांनो, पोर असं काही घेऊन आलं तर फोन मागू नका. जवळ बसा, आणि सेटिंग त्यालाच करू द्या.

पैसे गेले असतील तर नंतर रडा, आधी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तिथे वेळेला फार किंमत आहे, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

राहिला पहिला प्रश्न, नंबर मिळाला कुठून? दुकानातल्या वहीतून, कुठल्या फॉर्ममधून, फुटलेल्या यादीतून, नाहीतर नुसते आकडे जुळवून. नेमकं कुठून हे घरबसल्या शोधून सापडत नाही. या प्रश्नावर झोप घालवणाऱ्याला मी एवढंच विचारते, "उत्तर मिळालं तर उद्या तुम्ही काय वेगळं कराल?" बहुतेक जण विचार करतात आणि म्हणतात, सेटिंग बदलेन. मग ते आजच बदलू या.

सुमनताई शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा फोन टेबलावर सुलटा होता. बोलता बोलता वाजला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं. अनोळखी नंबर, खाली नाव, '1994 ची चौथी ब' आणि ग्रुपचं आमंत्रण.

"तुमचीच मुलं?"

"असतील. नाव ओळखीचं वाटतंय." फोन पर्समध्ये ठेवत त्या म्हणाल्या, "संध्याकाळी बघते. तीन दिवस आहेत."