दोन बाणांचा मेसेज

रामबाग, इंदूर

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना तू म्हणालास, "मामा, ग्रुपवर माझं कुणी ऐकूनच घेत नाही." तेव्हा मी गप्प बसलो, कारण तुझा एक डोळा मोबाइलवर होता. म्हणून हा कागद.

तुझी मतं मला आवडतात. निम्मी पटत नाहीत, तो भाग वेगळा. पण सकाळी निवडणूक, दुपारी एआय, रात्री कुठल्या तरी सिनेमावर बहिष्कार, आणि सगळ्या भाज्यांना फोडणी एकच!

माझंच सांगतो. २०२४ ची लोकसभा. २९ एप्रिलला, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि इंदुरात पोह्याच्या प्रत्येक ठेल्यावर 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण, एवढंच सुरू झालं. तेव्हा मला एक मेसेज आला: नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द, पुन्हा नवे उमेदवार. माझ्या अंगात वीरश्री संचारली. मेसेजवर दोन बाण होते, म्हणजे तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला. असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅप २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं. माणसाने जरा थांबावं म्हणूनच ती अडचण घातलेली. मी काय केलं? चष्मा लावून बसलो आणि तुझ्या आजीपासून व्याह्यांपर्यंत एकेकाला वेगवेगळा पाठवला. तेवीस जणांना!

तुझ्या आईने एवढंच विचारलं, "दादा, हे कुठं लिहिलंय?"

रात्री शोधत बसलो. कुठंच नव्हतं. लोकसभेला नोटा पहिला आला तरी उमेदवारांमध्ये ज्याची मतं जास्त, तोच निवडून येतो. पुढे निकालात इंदूरला नोटाची २,१८,६७४ मतं निघाली, क्रमांक दुसरा. जिंकलेला उमेदवार त्याच्या पाठोपाठच्या उमेदवारापेक्षा पावणेबारा लाखांहून अधिक मतांनी पुढे. ते बटण दाबणारे चुकले असं मी म्हणत नाही, मीसुद्धा... जाऊ दे, मतदान गुप्त असतं. पण दाबल्यावर काय होतं ते माहीत नसताना मी गावाला शिकवत सुटलो होतो.

सकाळी पुन्हा तेवीस जणांना लिहिलं, "कालचा मेसेज खोटा होता, मी न तपासता पाठवला." कान गरम झाले होते. व्याह्यांनी अंगठा पाठवला, आणि तासाभराने दोन बाणांचा दुसरा मेसेज.

आता तुझं बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली ती लेन. "पैशांची नासाडी होती," एका ओळीत निकाल. अरे, २०१३ मध्ये त्या लेनमधली आयबस सुरू झाली तेव्हा तू शाळेत होतास. मी रोज तिनेच जायचो. मधल्या लेनमधून बस सुळकन निघायची आणि बाजूला तुझे बाबा गाडीत हॉर्न वाजवत अडकलेले. २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने ती लेन काढायला सांगितली, तेव्हा तुझ्या बाबांनी पेढे आणले. मी एक खाल्ला, नाइलाजाने. आम्हा दोघांनाही अक्कल आहे, फक्त ते गाडीत बसायचे आणि मी बसमध्ये. तू पुढच्या वेळी "मी आयबसने कधी गेलो नाही, पण" अशी सुरुवात करून बघ. निम्मं भांडण तिथंच मिटतं, आणि उरलेलं भांडण करण्यासारखं असतं.

एआयवर लिहितोस तेव्हा मात्र मी शेवटपर्यंत वाचतो. त्याला आपल्या घरापुढचा बसायचा 'ओटला' समजेना, त्याने स्वयंपाकघराचा ओटा समजून उत्तर दिलं, ते तू स्क्रीनसकट टाकलं होतंस. ते तू स्वतः करून पाहिलेलं होतं. आजीनेही वाचलं, आणि तिला एआय म्हणजे काय हेही ठाऊक नाही.

रविवारी ये. ओटल्यावर बसू, तुझ्या आईलाही आण, ती बरोबर प्रश्न विचारते. येताना पोह्यांवर टाकायचं जिरावण आण, मामी म्हणते संपलंय.

तुझा मामा